दुष्टतेचा उगम आणि दोषाची वाटणी

जगावर अनेक देवतांची सत्ता असेल, त्यांच्यात हेवेदावे असतील आणि एकीचा कोप दुसरीच्या कृपेने आवरत असेल, तर जगात दुःख का आहे हा प्रश्न माणसाला छळतो खरा, पण त्याच्या बुद्धीला पेचात टाकत नाही. पेच निर्माण होतो तो एकेश्वरवादात. ईश्वर एकच आहे, तो सर्वशक्तिमान आहे आणि तो मंगलमय आहे ही तीन विधाने एकत्र मान्य केली, की जगात अनिष्ट आहे हे रोजच्या अनुभवाचे चौथे विधान त्यांच्याशी जुळेनासे होते. अनिष्ट या शब्दात येथे दोन गोष्टी अभिप्रेत आहेत : माणसाने माणसावर केलेली दुष्कृत्ये, आणि भूकंप, साथी, दुष्काळ यांसारख्या, ज्यांच्यामागे कोणाचाही हेतू दिसत नाही अशा आपत्ती. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांनी अडीच हजार वर्षे या पेचाची उत्तरे शोधली. त्यांचा प्रश्न वरवर विश्वाच्या आरंभाविषयीचा वाटतो, पण प्रत्येक उत्तर प्रत्यक्षात दोष कोणाच्या पदरी घालायचा हे ठरवत असते, आणि म्हणून त्या उत्तराची परीक्षा पीडित माणसाकडे ते कोणत्या नजरेने पाहायला शिकवते यावरून करणे योग्य ठरते.

या परंपरांमध्ये सैतान आरंभापासून आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. जुन्या कराराचे वाचन मात्र त्याला दुजोरा देत नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात हव्वेला भुलवणारा सर्प हा देवाने निर्माण केलेल्या प्राण्यांपैकी सर्वांत धूर्त असा एक प्राणी आहे. तो बंडखोर देवदूत असल्याचे तेथे कोठेही म्हटलेले नाही, आणि त्याला मिळणारी शिक्षाही पोटावर सरपटण्याची, म्हणजे प्राण्यालाच साजेशी आहे. यशयाच्या पुस्तकाचा पंचेचाळिसावा अध्याय याहून पुढे जातो. इराणी सम्राट कोरेश याला उद्देशून असलेल्या त्या वचनांत प्रकाश आणि अंधार, शांती आणि अरिष्ट या दोहोंचा कर्ता आपणच आहोत, असे ईश्वर स्वतः सांगतो. पारशी धर्मात अहुर मज्द आणि अंग्र मैन्यु अशी शुभाशुभाची दोन तत्त्वे मानली जातात, आणि त्या द्वैताला दिलेले उत्तर म्हणून या वचनाकडे पाहण्याचा मोह अनेक अभ्यासकांना झाला आहे. तसा थेट संबंध असो वा नसो, प्राचीन इस्रायलने ईश्वराचे एकत्व राखण्यासाठी अनिष्टाचे कर्तृत्वही त्याच्याच नावावर मांडले होते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

हा हिशेब पुढे बदलला, आणि तो कसा बदलला याचा पुरावा बायबलमध्येच आहे. दावीद राजाने प्रजेची शिरगणती केली आणि त्यापायी देशावर मरी ओढवली, ही कथा तेथे दोनदा येते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ईश्वर इस्रायलवर रागावतो आणि तोच दावीदाला शिरगणतीस प्रवृत्त करतो. काही शतकांनंतर लिहिल्या गेलेल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकात त्याच प्रसंगी चिथावणी देतो तो सैतान. घटना तीच, राजा तोच, मरीही तीच. मधल्या काळात ईश्वराच्या माथी असलेला दोष दुसऱ्याच्या माथी गेला, कारण मंगलमय ईश्वर आपल्याच भक्ताला पापात ढकलतो ही कल्पना नंतरच्या लेखकाला सोसवेना. तरीही ईयोबाच्या पुस्तकातील सैतान हा ईश्वराचा शत्रू नाही. तो दरबारातला अभियोक्ता आहे, माणसाच्या निष्ठेविषयी संशय घेणे हे त्याचे कामच आहे, आणि आज्ञेबाहेर तो एक पाऊलही टाकू शकत नाही.

ईश्वराविरुद्ध उभे ठाकलेले स्वतंत्र दुष्ट सैन्य दिसू लागते ते इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून पुढे, जेव्हा ज्यू समाज ग्रीक राजवटींखाली भरडला जात होता. हनोखाच्या पुस्तकात स्वर्गातील पहारेकरी देवदूत मानवी स्त्रियांच्या मोहाने पृथ्वीवर उतरतात, त्यांच्यापासून राक्षसी संतती जन्मते, आणि त्या देवदूतांपैकी अजाजेल माणसांना तलवारी घडवायला शिकवतो. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे सापडलेल्या हस्तलिखितांत या पुस्तकाचे अरामी तुकडे आहेत, आणि ‘समुदायाचा नियम’ या तिथल्याच ग्रंथात सारी मानवजात प्रकाशाचा अधिपती आणि अंधाराचा दूत यांच्यात वाटून दिली आहे. अशा कथेची गरज समजण्यासारखी आहे. सज्जनाचे भले होते आणि दुर्जनाला शासन होते या जुन्या विश्वासाचा पाया धर्मनिष्ठेपायीच छळ सोसावा लागल्यावर ढासळतो, आणि मग आपल्या दुःखाचे कारण आपले पाप नसून विश्वात चाललेले युद्ध आहे असे म्हणता येणे हा पीडितांसाठी मोठा दिलासा ठरतो. पुढे प्रकटीकरणाच्या पुस्तकाने अजगर, एदेन बागेतला सर्प आणि सैतान एकच असल्याचे सांगितले, तर ख्रिस्ती भाष्यकारांनी यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या राजाला उद्देशून असलेले, आकाशातून पडलेल्या पहाटताऱ्याचे उपहासगीत लुसिफरच्या पतनाला लागू केले. आज सर्वांच्या तोंडी असलेली बंडखोर देवदूताची कथा अशी निरनिराळ्या काळांतल्या तुकड्यांची जुळणी आहे.

या कथेची तार्किक अडचण उघड आहे. माणूस सैतानाच्या मोहाला बळी पडला असे म्हटले, तर निर्दोष निर्माण झालेल्या देवदूताला कोणी मोहात पाडले हा प्रश्न उरतोच. उगम एक पायरी मागे सरकतो, सापडत नाही. तिची व्यावहारिक अडचण त्याहून गंभीर आहे. पीडितांच्या हातात दिलासा असलेली कथा सत्ताधाऱ्यांच्या हाती गेली, की आपला प्रतिपक्ष म्हणजेच सैतानाचा पक्ष अशी तिची मांडणी होते. मराठी प्रदेशाला हा अनुभव गोव्यात आला. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली सासष्टीतल्या राचोल येथे छापले गेले. देवदूतांचे पतन आणि आदाम-हव्वेचा अपराध यांपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगणारा हा ग्रंथ मराठी भाषेचे वैभव वाढवणारा आहे, यात शंका नाही. पण ज्या सासष्टीत तो लिहिला गेला, तेथील देवळे १५६०च्या दशकात पाडली गेली होती, आणि त्याच दशकाच्या आरंभी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचा शोध घेऊन शिक्षा करणारे धर्मन्यायालय, सुरू झाले होते. शेजाऱ्याच्या देवाला सैतान ठरवले, की त्याचे देऊळ पाडणे हे पाप न राहता पुण्यकर्म होते.

रब्बींनी, म्हणजे जेरुसलेमचे मंदिर इसवी सन ७० मध्ये उद्ध्वस्त झाल्यावर ज्यू धर्माची फेरमांडणी करणाऱ्या आचार्यांनी, वेगळी वाट धरली. प्रत्येक माणसात दोन प्रवृत्ती असतात, ‘येत्सेर तोव’ म्हणजे शुभाकडे ओढणारी आणि ‘येत्सेर हारा’ म्हणजे अशुभाकडे ओढणारी, असे त्यांनी मांडले, आणि सैतान, दुष्प्रवृत्ती व मृत्युदूत ही एकाच शक्तीची नावे असल्याचे मत त्यांच्या तालमूद या ग्रंथात नोंदवले गेले. त्यांचा सर्वांत धाडसी विचार उत्पत्तीवरच्या मिद्राशात, म्हणजे व्याख्याग्रंथात, येतो. सृष्टी फार चांगली आहे असे ईश्वराला दिसले, त्या चांगुलपणात ही दुष्प्रवृत्तीही धरावी, कारण ती नसती तर कोणी घर बांधले नसते, लग्न केले नसते, मुले झाली नसती आणि व्यापारउदीम चालला नसता, असा तेथील युक्तिवाद आहे. म्हणजे अनिष्ट बाहेरून आत शिरलेले नाही. जी ऊर्जा संसार उभा करते, तीच मर्यादा सोडते तेव्हा संसार मोडते. रब्बी तिला कणकेतल्या आंबवणाची उपमा देतात : प्रमाणात असेल तर पीठ फुगते, प्रमाण सुटले तर नासते. ईश्वराने ही प्रवृत्ती निर्माण केली तसेच तिच्यावरचे औषध म्हणून धर्मशास्त्र, तोरा, निर्माण केले, या त्यांच्या म्हणण्यात उगमापेक्षा उपायाला दिलेले महत्त्व स्पष्ट दिसते.

ख्रिस्ती परंपरेचा पश्चिमेकडील प्रवाह वेगळ्या दिशेने गेला, आणि त्याला ती दिशा देणारा विचारवंत म्हणजे ऑगस्टिन (३५४–४३०). तारुण्यात सुमारे नऊ वर्षे तो मानीच्या द्वैतवादी पंथाचा अनुयायी होता, आणि अनिष्टाला स्वतंत्र तत्त्व मानणाऱ्या त्या पंथातून बाहेर पडल्यावर त्याने नेमकी उलटी भूमिका घेतली. अनिष्टाला स्वतःचे अस्तित्वच नाही. आंधळेपण म्हणजे जसा दृष्टीचा अभाव, तसे अनिष्ट म्हणजे शुभाचा अभाव होय, म्हणून ईश्वराने ते निर्माण केले असे म्हणता येत नाही. मग हा अभाव आला कोठून? ईश्वराने दिलेल्या स्वातंत्र्याचा आदामाने गैरवापर केला, आणि पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आधारे ऑगस्टिनने असे प्रतिपादले की त्या पहिल्या पापाचा केवळ परिणामच नव्हे तर अपराधही प्रत्येक मानवाकडे जन्मतःच येतो. बाप्तिस्मा न घेता मेलेल्या तान्ह्या मुलालाही, कितीही सौम्य का होईना, नरकवासच मिळतो, हा निष्कर्ष त्याने टाळला नाही. ईश्वराला दोषातून सोडवण्याची ही किंमत होती, आणि ती पाळण्यातल्या बाळाकडून वसूल झाली. पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळींनी ती कधीच पूर्णपणे मान्य केली नाही. आदामापासून मर्त्यता आणि दुर्बलता वारशाने येते, अपराध येत नाही, अशी त्यांची धारणा राहिली.

या सिद्धांताची कठोर तपासणी एका मराठी माणसाने संस्कृतात केली. नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) चित्पावन कुटुंबात बुंदेलखंडात जन्मले आणि काशीत वाढले. जॉन म्यूर या स्कॉटिश मुलकी अधिकाऱ्याच्या ‘मतपरीक्षा’ (१८३९) या ख्रिस्ती मताचा पुरस्कार करणाऱ्या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी विशीच्या उंबरठ्यावर ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. ख्रिस्ती मताप्रमाणे ईश्वर प्रत्येक जीव नव्याने निर्माण करतो आणि त्याच्या गाठी पूर्वकर्म नसते. तर मग कोणी आंधळा जन्मतो आणि कोणी डोळस, हा भेद कशाने? ज्यांना पापपुण्याची जाणीवच नाही त्या जनावरांना वेदना कशासाठी? आणि बहुतेक जीव अनंत नरकात जाणार हे ठाऊक असूनही त्यांना निर्माण करणाऱ्याला दयाळू कसे म्हणावे? वेदान्तात ईश्वरावर येणाऱ्या या आक्षेपांना वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, अशी नावे आहेत, आणि अनादि कर्माच्या सिद्धांताने त्यांचे निरसन होते, असे तरुण गोऱ्हे यांचे म्हणणे होते.

त्याच गोऱ्हे यांनी १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला, ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून जीवाचे अनादित्व आणि पुनर्जन्म यांची तितकीच कठोर चिकित्सा केली, आणि पुढे पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावरही त्यांचा प्रभाव पडला. एकाच बुद्धिमान माणसाने दोन्ही बाजूंनी केलेल्या या वादातून एक गोष्ट निष्पन्न होते : दोन्ही सिद्धांत एकाच जागी येऊन थांबतात. पहिले कर्म कोणते, असे विचारल्यावर कर्मवादी म्हणतो की पहिले असे काही नाही, साखळी अनादि आहे. निर्दोष इच्छा पहिल्यांदा वाकडी का झाली, असे विचारल्यावर ऑगस्टिन म्हणतो की दुष्ट इच्छेचे कारण शोधणे म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहू म्हणणे आहे. एकाने त्या जागेला अनादित्व म्हटले आणि दुसऱ्याने स्वातंत्र्य, पण उत्तर दोघांकडेही संपलेले असते.

उगमाच्या प्रश्नावर दोन्ही सारखेच निरुत्तर असतील, तर त्यांचा विचार परिणामांवरून करावा लागतो, आणि तेथेही त्यांचे साम्य अस्वस्थ करणारे आहे. जन्मांध बालकात एक सिद्धांत त्याच्या मागील जन्माचा दोष पाहतो, दुसरा त्याच्या आदिपुरुषाचा. दोघांच्याही लेखी ते बालक निरपराध नाही. योहानाच्या शुभवर्तमानात नेमका हाच प्रश्न शिष्य येशूला विचारतात : हा आंधळा जन्मला तो स्वतःच्या पापामुळे की आईबापांच्या? येशू दोन्ही पर्याय नाकारतो, देवाची कृती याच्या ठायी प्रकट व्हावी असे म्हणतो आणि त्याला दृष्टी देतो. महाराष्ट्रात या प्रश्नाला सामाजिक धार आली. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी शूद्रातिशूद्रांच्या दैन्याचे कारण त्यांच्या प्रारब्धात न शोधता माणसांनी लादलेल्या व्यवस्थेत शोधले, आणि ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत दरिद्री व हीन स्थितीत ठेवलेल्यांविषयीच्या जबाबदारीतून राज्याला आणि समाजाला मोकळे करतो, असा घाव घातला. हाच आक्षेप वारशाने येणाऱ्या अपराधाच्या सिद्धांतालाही लागू पडतो.

हिब्रू परंपरेचे मोठेपण असे की तिने या धोक्याचा उतारा आपल्या पवित्र ग्रंथातच जपून ठेवला. ईयोब हा सज्जन माणूस मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावून राखेत बसतो, तेव्हा त्याचे मित्र त्याला शास्त्र सांगतात : दुःख आहे त्याअर्थी पाप असणारच. त्यांचे बोलणे धर्मग्रंथांतल्या इतर अनेक वचनांशी जुळणारे आहे, आणि तरीही शेवटी ईश्वर त्या मित्रांवर रागावतो व आपल्याशी भांडणारा ईयोबच योग्य बोलला असे सांगतो. ईयोबाला दुःखाचे कारण अखेरपर्यंत कळत नाही. अभियोक्त्याने दरबारात घातलेली पैज वाचकाला माहीत असते, त्याला नसते. तरी त्याच्यावरचा आरोप मात्र मागे घेतला जातो, आणि सर्वसाधारण सिद्धांत खरा असला तरी समोरच्या पीडितावर तो लागू करण्याचा अधिकार कोणालाही नाही, ही या पुस्तकाची शिकवण आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की दुष्प्रवृत्तीचा सिद्धांत दुष्कृत्यांपुरता ठीक आहे, पण भूकंपात कोणाची प्रवृत्ती शोधायची? १७५५ साली लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा हे जग शक्य तितक्या जगांत सर्वोत्तम आहे या लायबनिट्झच्या मताची व्हॉल्तेअरने खिल्ली उडवली होती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला तेव्हा भूगर्भाच्या हालचालीला कोणीही जबाबदार नव्हते. दगडमातीच्या जड भिंती आणि धाबी झोपलेल्यांवर कोसळल्याने मृत्यू वाढले, हे खरे असले तरी उरलेल्या भागाचे स्पष्टीकरण कोणत्याही नीतिसिद्धांताकडे नाही. तेथे ईयोबाचे पुस्तक जे मौन शिकवते तेच प्रामाणिक आहे. दुसरा आक्षेप असा की नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारासारखे कृत्य अतिमानवी दुष्टतेविना समजतच नाही. हॅना आरेंट यांनी १९६३ साली आइकमनच्या खटल्यावर लिहिताना उलट निरीक्षण नोंदवले : त्या संहारयंत्रणेचा हा कारभारी राक्षस वाटण्याऐवजी विचार करण्याचे टाळणारा, बढतीची ओढ असलेला एक सामान्य अधिकारी वाटत होता. आइकमनपुरते ते निदान कितपत बरोबर यावर पुष्कळ वाद झाला, पण सामान्य ओढ मर्यादेबाहेर गेली की काय घडू शकते, हे सांगायला सैतानाची गरज लागत नाही, हा त्यातला मुद्दा टिकून राहिला.

या मुद्द्याची परीक्षा पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात घेता येते. मुळा नदीवर धरण बांधून मुंबईसाठी वीज निर्माण करण्याची टाटा कंपनीची योजना पुढे आली, सरकारने भूसंपादनाचा कायदा तिच्या पाठीशी उभा केला, आणि खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांच्या शेतजमिनी बुडणार हे स्पष्ट झाल्यावर १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती हे बिरुद याच लढ्याने मिळाले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि धरण झाले. आता मावळ्यांच्या हानीचे कारण शोधताना त्यांचे पूर्वकर्म किंवा आदिपाप काढणारा ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीला बसतो. एका पक्षाला सैतान म्हणणेही सत्याला धरून होत नाही, कारण वीज हवी असणे हे पाप नव्हते, तिच्यामुळे गिरण्या आणि घरे उजळणार होती, आणि कर्जबाजारी मावळ्यांच्या जमिनींवर हक्क सांगणारे पुण्याचे सावकारही या चित्रात होते. रब्बींचे निदान येथे अचूक बसते. घर बांधणारी, व्यापार वाढवणारी तीच प्रवृत्ती दुसऱ्याच्या शेताच्या बांधाशी थांबली नाही, आणि तिला थांबवायचे काम ज्या कायद्याचे होते तोच तिचे साधन बनला. अशा निदानाने कोणीच निर्दोष सुटत नाही, आणि बुडालेल्यावर मात्र दोष येत नाही.

म्हणून उगमाच्या कथा टाकून द्याव्यात, असा याचा अर्थ नाही. बारूखाच्या नावावरील एका प्राचीन ज्यू ग्रंथात प्रत्येक जण स्वतःच स्वतःचा आदाम आहे असा विचार येतो, आणि आदामाच्या कथेचा योग्य उपयोग त्यातून कळतो. कोकणातले बेने इस्रायल ज्या उपवासाला दारफाळणीचा सण म्हणत, त्या योम किप्पूरच्या प्रार्थनेत पापांची कबुली प्रथमपुरुषी अनेकवचनात दिली जाते : दोष आमचा आहे, असे सारा समाज एकत्र म्हणतो, आणि ज्याने ते विशिष्ट पाप केले नाही तोही म्हणतो. आदामाची कथा प्रथमपुरुषात सांगितली की ती कबुली होते, आणि कबुलीतून भरपाई, सुधारणा व मर्यादा यांचा मार्ग निघतो. तीच कथा तृतीयपुरुषात सांगितली की ती आरोपपत्र होते, मग आरोपी पाळण्यातले बाळ असो, परधर्मी शेजारी असो, अस्पृश्य ठरवलेला माणूस असो किंवा राखेत बसलेला ईयोब. कर्माचा सिद्धांतही याच नियमाने वापरता येतो : स्वतःच्या वर्तनाची जबाबदारी घेण्यासाठी तो सार्थ आहे, दुसऱ्याच्या दैन्याचे समर्थन करण्यासाठी तो निषिद्ध मानला पाहिजे. दुष्टता प्रथम कोठून आली याचे निर्णायक उत्तर कोणत्याही परंपरेला देता आलेले नाही. तिला आपल्याकडून पुढे वाट मिळते का, हे मात्र प्रत्येकाला तपासता येते, आणि ज्यू व ख्रिस्ती या दोन्ही परंपरांतला जो भाग या तपासणीला भाग पाडतो तोच त्यांचा आजही ग्राह्य भाग आहे.